पाण्याखालचा निरोप वर येतो कसा? नेमावरच्या घाटापासून रत्नागिरीच्या बोयापर्यंत



आपल्या पानावर आपण डिझेल, बर्फ, जाळी, मासळीचा भाव आणि वादळाचे इशारे यावर नेहमी बोलतो. आज त्या इशाऱ्याच्या मुळाशी जाऊ. पाण्याखाली ठेवलेलं यंत्र जे मोजतं ते आपल्या मोबाइलवर येतं कसं, मध्ये कुठे अडतं, आणि अडू नये म्हणून आपल्या हातात काय आहे, हे बघू. विषय इंजिनिअर लोकांचा वाटेल, पण शेवटी तो आपल्या खलाशांच्या जिवाचा आहे. म्हणून थोडं सविस्तर लिहिलंय. चहा घेऊन बसा.

सुरुवात नर्मदेपासून

मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यात, नर्मदेच्या उत्तर काठावर नेमावर आहे. समोरच्या काठावर हरदा जिल्ह्यातलं हंडिया. देवास आणि धार ही पवारांची जुनी संस्थानं, शेजारचं इंदूर होळकरांचं, त्यामुळे त्या मुलखात मराठी घरं आजही आहेत. नेमावरला सिद्धनाथाचं जुनं दगडी देऊळ आहे. परिक्रमावासी या जागेला नर्मदेची नाभी म्हणतात. अमरकंटकपासून समुद्रापर्यंतची नदीची वाट तेराशे किलोमीटरची, तिचा हा मध्य.

हेच पाणी पुढे आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या हद्दीला लागून जातं आणि भरूचच्या पुढे खंबातच्या आखातात उतरतं. म्हणजे नेमावरच्या केवट-कहारांचं पाणी आणि आपल्या डहाणू-वसईच्या नाखवांचं पाणी शेवटी एकच.

नेमावरच्या खालच्या अंगाला, खंडवा जिल्ह्यात पुनासा इथे इंदिरा सागर धरण आहे. पाणी साठवण्याच्या हिशेबाने ते देशातलं सर्वांत मोठं, 12.22 अब्ज घनमीटरचं. वीजनिर्मिती 1000 मेगावॉट. या पाण्यात 2004 साली हरसूद हे अख्खं गाव गेलं, ते अनेकांना आठवत असेल.

आता त्याच देवास जिल्ह्यातली, धरणाच्या खालची धाराजीची गोष्ट. एप्रिल 2005 मध्ये तिथे भूतडी अमावास्येच्या स्नानासाठी मोठी यात्रा भरली होती. 7 एप्रिलच्या रात्री धरणातून वीजनिर्मितीसाठी सोडलेलं पाणी घाटावर चढलं. साठाहून जास्त भाविक गेले.

यात एक गोष्ट नीट बघा. पाणी किती सुटलं हे कुणालाच माहीत नव्हतं असं नाही. ज्यांनी सोडलं त्यांना माहीत होतं. ज्यांच्या अंगावर ते आलं त्यांना नव्हतं. मोजमाप होतं, निरोप पोचला नव्हता.

समुद्रावर आपण हेच 2017 साली पाहिलं. नोव्हेंबरच्या शेवटी ओखी वादळ उठलं तेव्हा केरळ आणि तमिळनाडूच्या कितीतरी नौका आधीच खोल समुद्रात होत्या. मोबाइलची रेंज किनाऱ्याजवळच संपते. इशारा निघाला, पण ज्याच्यासाठी निघाला त्याच्या कानावर गेला नाही. अनेक माणसं परत आली नाहीत. जी वाचली त्यांतल्या 68 नौका 952 माणसांसह आपल्या सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागल्या.

तेव्हा मोजणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे निरोप पोचवणं. आणि पाण्याखालून निरोप पोचवणं हे त्यातलं सर्वांत अवघड.

वायरलेस पाण्याखाली का चालत नाही?

आपल्या नौकेवरचा वायरलेस सेट हवेत मैलोन्‌मैल बोलतो. तोच पाण्याखाली नेला तर मुका होतो. रेडिओच्या लहरी खाऱ्या पाण्यात फार लवकर विरतात. मोबाइल, वायफाय, जीपीएस, सगळ्यांचं तेच. गोड्या पाण्यात थोडं जास्त अंतर मिळतं, पण कामाचं नाही.

पाण्यात दूरवर जातो तो आवाज. आणि हे आपल्याला नवीन नाही. तांडेल इको साउंडर लावतो तेव्हा काय होतं? यंत्र खाली आवाज सोडतं, तो तळाला आपटून परत येतो आणि पडद्यावर खोली दिसते. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड हजार मीटर पळतो. चाळीस वाव, म्हणजे सुमारे 73 मीटर पाणी असेल तर जाऊन यायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. पाण्याखालची यंत्रं एकमेकांशी बोलतात तीही अशीच, आवाजाने.

पण आवाजाच्या तीन अडचणी आहेत.

पहिली, तो संथ आहे. रेडिओच्या मानाने दोन लाख पट संथ. तीन किलोमीटरवरच्या यंत्राला निरोप द्यायला दोन सेकंद, त्याचं उत्तर यायला आणखी दोन.

दुसरी, तो एका वेळी फार थोडं वाहून नेतो. काही किलोमीटरच्या टप्प्यात सेकंदाला पाच हजार बिट मिळाले तरी चांगलं म्हणायचं. आपण व्हॉट्सअॅपवर टाकतो तसा एक एमबीचा फोटो या वेगाने पाठवायचा तर पंचवीस-तीस मिनिटं लागतील. म्हणून पाण्याखालून फोटो येत नाहीत, आकडे येतात. पाण्याची पातळी इतकी, तापमान इतकं, प्राणवायू इतका. बस्स.

तिसरी, आवाज सरळ जाईलच असं नाही. उन्हाळ्यात धरणाचं वरचं पाणी तापलेलं असतं आणि खालचं गार. या दोन थरांच्या मध्ये आवाज वाकतो. एखादं यंत्र समोरच असूनही त्याला ऐकू जात नाही, अशा सावलीच्या जागा तयार होतात. उथळ पाण्यात आवाज तळ आणि पृष्ठभाग यांच्यात आपटत राहतो, विहिरीत ओरडल्यावर होतं तसं. एकच शब्द चार वेळा, थोड्या-थोड्या अंतराने कानावर येतो. त्यात इंजिनची घरघर, पावसाचा मारा, उबदार उथळ समुद्रात कोळंबीसारख्या छोट्या जिवांची सततची कडकड.

खरा प्रश्न बॅटरीचा

पाण्याखालच्या यंत्राला चार्जर लावता येत नाही. तळाशी सूर्यही नाही. बॅटरी संपली की होडी घेऊन जायचं, पाणबुड्या उतरवायचा किंवा यंत्र वर काढायचं. समुद्रात या कामाला जहाज लागतं, आणि जहाजाचा एका दिवसाचा खर्च यंत्रापेक्षाही जड जाऊ शकतो. म्हणून यंत्र बनवणाऱ्याला एकच चिंता, बॅटरी किती दिवस पुरेल.

आणि बॅटरी खातं काय? मोजणं फार कमी खातं. ऐकत बसणंही तुलनेने कमी. सर्वांत जास्त खातं बोलणं. आवाज जोरात सोडायला काही वॅटपासून पन्नासेक वॅटपर्यंत ताकद लागते. नुसतं ऐकायला त्याचा लहानसा हिस्सा पुरतो. आपल्या भाषेत सांगायचं तर नौका नांगरावर उभी असताना डिझेल जळत नाही, जाळं ओढताना जळतं.

आता एक सोपा हिशेब. मोकळ्या, खोल पाण्यात आवाज चहूकडे पसरतो. अंतर दुप्पट केलं तर तेवढ्याच जोरात ऐकू जायला ताकद चौपट लागते. समजा एक किलोमीटरवर निरोप द्यायला एक रुपयाचं चार्जिंग जातं. मग चार किलोमीटरवर एका दमात ओरडायला सोळा रुपये. पण मध्ये दर किलोमीटरला एक यंत्र ठेवलं, आणि एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगितलं, तर चार टप्प्यांचे चारच रुपये. थोडा ऐकण्याचा खर्च वर धरा.

हे आपण बंदरावर रोज करतो. नौकेतून मासळीच्या पाट्या उतरवताना एकच माणूस प्रत्येक पाटी घेऊन लिलावापर्यंत धावत नाही. रांग लावतो. हातोहात पाटी पुढे जाते. पाण्याखालच्या यंत्रांच्या जाळ्यात निरोपाची पाटी अशीच हातोहात वर येते, आणि ती कुणी कुणाच्या हातात द्यायची हे ठरवण्याची रीत हाच संशोधनाचा मोठा विषय आहे.

पाटी कुणाच्या हातात द्यायची?

समजा नेमावरजवळच्या खोल डोहात, तळापासून पृष्ठभागापर्यंत वेगवेगळ्या खोलीवर दहा-बारा यंत्रं नांगरून सोडली. वर एक बोया, त्याला सौर पॅनल आणि मोबाइलचं सिम. बोयापर्यंत निरोप आला की काम झालं, तिथून पुढे हवेतून जातो. प्रश्न तळापासून बोयापर्यंतचा.

सर्वांत साधी रीत म्हणजे ज्याने ऐकलं त्याने पुढे ओरडायचं. निरोप नक्की पोचेल. पण दहाही यंत्रं एकच गोष्ट ओरडत बसतील, एकमेकांच्या आवाजावर आवाज पडेल आणि सगळ्यांची बॅटरी महिन्याचं काम आठवड्यात उरकून बसेल.

दुसरी रीत, आधीच वाट ठरवून टाकायची. अमक्याने तमक्यालाच सांगायचं. खर्च कमी. पण नदीत पूर आला, यंत्र प्रवाहाने सरकलं, एखादं गाळात गेलं, की वाट तुटली. जीपीएस पाण्याखाली चालत नाही, त्यामुळे कोण कुठे सरकलं हेही कळत नाही.

2008 साली संशोधकांनी एक सुटसुटीत तोड काढली. यंत्राला आपली जागा माहीत नसली तरी आपली खोली कळते, कारण पाण्याचा दाब मोजणं सोपं असतं. मग नियम असा केला. निरोप पाठवणारा त्याच्यासोबत आपली खोली सांगतो. ज्यांना ऐकू आलं त्यांतले खाली असलेले गप्प बसतात. वर असलेले थोडं थांबतात. जो सर्वांत वर, तो सर्वांत कमी थांबतो आणि निरोप पुढे सोडतो. बाकीच्यांनी त्याचा आवाज ऐकला की त्यांनी समजायचं, काम झालं, आपण बोलायचं नाही.

यात कुणी मुकादम नाही, नकाशा नाही. प्रत्येकाने फक्त दोन गोष्टी बघायच्या: मी बोलणाऱ्यापेक्षा वर आहे का, आणि माझ्याआधी कुणी बोललं का.

पण या रीतीतही खोट निघाली. वरची यंत्रं सतत बोलत राहतात, कारण सगळ्यांचे निरोप त्यांच्यातूनच जातात. तळाची अजून ताजी असताना वरची थकून बंद पडतात. मग तळाला कितीही ओरडा, वर कुणी नाही. नौकेवर एकाच दणकट खलाशाला रोज जाळं ओढायला लावलं तर तो आधी आजारी पडणार, आणि तो पडला की सगळ्यांचं काम थांबणार.

म्हणून नंतरच्या रीतींमध्ये खोलीबरोबर उरलेली बॅटरीही बघितली जाऊ लागली. जो वर आहे आणि ज्याच्यात जीव शिल्लक आहे, त्याने आधी बोलायचं. थकलेल्याने जास्त थांबायचं, म्हणजे शक्यतो त्याची पाळीच येणार नाही. यामुळे एका निरोपाची वाट कधी थोडी लांबते, पण अख्खं जाळं जास्त दिवस जगतं.

आणखी एक अडचण म्हणजे पोकळी. एखाद्या यंत्राच्या वर, ऐकू जाईल एवढ्या टप्प्यात कुणीच नसतं. निरोप तिथे येऊन अडकतो. चांगल्या रीतीत असं यंत्र खालच्यांना कळवतं की माझ्याकडे देऊ नका, इथून वाट नाही. मग निरोप एक पाऊल मागे जाऊन बाजूने वर चढतो. धारेच्या विरुद्ध होडी नेताना आपण काठाकाठाने, वळसा घालून जातो, तसंच.

पोचपावती

आता भरवशाचा हिशेब. समजा प्रत्येक टप्प्यावर दहा निरोपांतला एक हरवतो. ऐकायला काही विशेष नाही. पण चार टप्प्यांनंतर शंभरातले 66 सुद्धा पोचत नाहीत. एक तृतीयांश मासळी बंदरावरच सांडली म्हणा ना.

यावर उपाय पोचपावतीचा. ज्याने निरोप घेतला त्याने "मिळाला" असं सांगायचं. पावती आली नाही तर पुन्हा पाठवायचा. ही पावती बोयाने थेट तळाच्या यंत्राला दिली तर एक निरोप हरवला की सगळी रांग पुन्हा पहिल्यापासून. त्याऐवजी प्रत्येक टप्प्यावर शेजाऱ्यानेच पावती दिली, आणि हरवल्यास एकदाच पुन्हा पाठवलं, तर शंभरातले 96 पोचतात. पुन्हा पाठवण्याचा खर्च सरासरी दहा टक्केच वाढतो, पावत्यांचा थोडा वेगळा.

आणि सगळे निरोप सारखे नसतात. रोजचं तापमान एका दिवशी हरवलं तर कुणाचं काही बिघडत नाही. ते एकाच वाटेने, कमी ताकदीत, दिवसातून दोनदा पाठवावं. पण पाणी अचानक दोन हात चढलं, किंवा जलाशयातल्या पिंजऱ्याजवळचा प्राणवायू पहाटे लिटरला तीन मिलीग्रॅमच्या खाली गेला, तर तो निरोप दोन वाटांनी, पावती घेऊन, बॅटरीची पर्वा न करता गेला पाहिजे. पिंजऱ्यात मासळी वाढवणाऱ्याला विचारा, पहाटेचा एक तास काय किमतीचा असतो.

काटकसर म्हणजे कमी बोलणं नव्हे. एरवी गप्प राहून वेळेला नक्की बोलणं ही खरी काटकसर.

हे प्रत्यक्षात कुठे चालतं?

सर्वांत मोठं उदाहरण सुनामीचं. 26 डिसेंबर 2004 नंतर आपल्या देशाने हैदराबादला इन्कॉइस संस्थेत सुनामी इशारा केंद्र उभं केलं, ते ऑक्टोबर 2007 पासून चालू आहे. खोल समुद्राच्या तळाशी दाब मोजणारं यंत्र बसवलेलं असतं. ते आवाजाने वरच्या बोयाला सांगतं, बोया उपग्रहाला, उपग्रह किनाऱ्याला. चेन्नईची एनआयओटी ही संस्था हे बोये सांभाळते. अशाच धर्तीच्या अमेरिकन यंत्रांचा शिरस्ता बघा. एरवी ती पंधरा-पंधरा मिनिटांच्या नोंदी जमा करून सहा तासांनी एकदा बोलतात. लाटेची चाहूल लागली की लगेच बोलू लागतात आणि मिनिटा-मिनिटाची नोंद पाठवतात. वर सांगितलेली काटकसर ती हीच.

जिथे आवाजाची गरज नाही तिथे तो वापरूच नये, हेही शहाणपण आहे. एनआयओटीच्या मोठ्या पिवळ्या बोयांना खाली पाचशे मीटरपर्यंत तापमान आणि खारटपणा मोजणारी यंत्रं लावलेली असतात. ती ज्या तारेला टांगलेली असतात त्या तारेतूनच निरोप वर येतो. तार आहे तर ओरडायचं कशाला?

गोव्यात दोनापावलाच्या एनआयओ संस्थेने 2005 साली मांडवीकाठी वेरें इथे समुद्राची पातळी मोजणारं यंत्र बसवलं. त्याचा निरोप साध्या मोबाइलच्या जाळ्यातून येतो. 12 सप्टेंबर 2007 रोजी सुमात्राला भूकंप झाला तेव्हा त्याची लहानशी लाट गोव्यात या यंत्राने टिपली. आपल्याला ती जाणवलीही नव्हती.

आणि आपल्या दारातलं सांगायचं तर रत्नागिरी आणि वर्सोव्याच्या समुद्रात इन्कॉइसचे लाटा मोजणारे बोये ठेवलेले आहेत. उंच लाटांचा इशारा येतो तेव्हा त्याच्या मागे असल्या बोयांची मोजणी असते. मासळी कुठे मिळेल याची जी माहिती मराठीत येते तीही याच संस्थेकडून.

शेवटचा टप्पा आपण

इथपर्यंत वाचलंत तर एक गोष्ट लक्षात आली असेल. रांगेत शेवटचा हात आपला आहे. वरचा बोया किंवा नौकेवरचा माणूस, यातला एक जरी गळाला तर खालची सगळी मेहनत पाण्यात.

ओखीनंतर 2019 साली जेमिनी नावाचं यंत्र आलं. उपग्रहावरून इशारा घेऊन तो मोबाइलवर दाखवतं. पण ते फक्त ऐकतं, आपण उलट बोलू शकत नाही. म्हणजे पोचपावती नाही. त्यानंतर इस्रोने बनवलेला ट्रान्सपाँडर आला. 30 ऑगस्ट 2024 रोजी आपल्या पालघरमध्येच त्याच्या देशभराच्या योजनेची सुरुवात झाली, किनारी राज्यांतल्या एक लाख नौकांसाठी. यात नौकेवरून किनाऱ्याला निरोप जातो आणि संकटाचं बटणही आहे. म्हणजे पावतीची सोय झाली. पण ट्रान्सपाँडर केबिनमध्ये बंद पडलेला असेल, किंवा बटण कुठलं हे तांडेलाशिवाय कुणालाच ठाऊक नसेल, तर आपणच त्या रांगेतली पोकळी झालो.

दुसरी गोष्ट जरा कडू आहे, पण आपल्यातच बोलायची तर मोकळेपणाने बोलू. बोयाखाली मासळी जमते. सावली, शेवाळ, लहान मासे, त्यामागे मोठे. म्हणून नौका बोयाला बांधल्या जातात, आजूबाजूला जाळी टाकली जातात, कधी पॅनल किंवा अँटेना निघून जाते. एनआयओटीला हा त्रास अनेक वर्षं आहे आणि जगभर आहे. नौका बांधली की नांगराची तार ताणते, बोया सरकतो किंवा सुटतो. सुटलेला बोया काही दिवस चुकीच्या जागेचं खरं मोजमाप सांगत राहतो, मग गप्प होतो. बोया परत बसवायला जहाज येईपर्यंत त्या टापूतलं वादळ आपल्याला उशिरा कळणार.

आपली तक्रारही खोटी नाही. बोयात जाळं अडकून फाटलं तर नुकसान नौकेवाल्याचं. कुठे नवा बोया टाकला हे आधी कळलं नाही तर रात्री तांडेल काय करणार? म्हणून संस्थेमार्फत एवढी मागणी जरूर करू: बोयांच्या जागा अक्षांश-रेखांशासह मराठीत, हंगाम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक बंदरावर लागल्या पाहिजेत. त्याच वेळी आपली बाजू आपण पाळू.

एवढं करूया

1. हंगाम सुरू होताना, 1 ऑगस्टला पहिली नौका सुटायच्या आधी, ट्रान्सपाँडर आणि वायरलेस चालू आहे का ते बघा. निरोप पाठवून त्याची पोच येते का तेही बघा. नुसता दिवा लागला म्हणजे चालू असं नाही.

2. नौकेवर तांडेलाशिवाय किमान दोन खलाशांना संकटाचं बटण दाखवून ठेवा.

3. पिवळा बोया दिसला तर नौका बांधू नका, लांबून जा, जाळं टाकू नका. सुटून वाहत आलेला बोया दिसला तर जागा लिहून ठेवा आणि मत्स्य खात्याला किंवा तटरक्षक दलाला कळवा. तटरक्षक दलाचा संकटकाळचा नंबर 1554, हा घरच्यांनीही पाठ करावा.

4. इशारा आला की तो शेजारच्या नौकेला वायरलेसवर सांगा, आणि "ऐकला" असं उत्तर येईपर्यंत सांगत राहा. ज्याच्याकडे सेट बंद आहे त्याचा विचार आधी करा.

5. जलाशयात मासेमारी करणाऱ्या आपल्या भावांनी धरणाच्या विसर्गाचा निरोप कुणाकडून, कोणत्या नंबरवर येतो हे आजच विचारून ठेवा. संस्थेच्या ग्रुपवर दोन माणसं ठरवा, ज्यांनी तो वाचून प्रत्येक काठावर पोचवायचा. एक माणूस पुरत नाही. त्याचाही फोन कधी बंद असतो.

नेमावरच्या घाटावर आज उभं राहिलं तर पाणी शांत दिसतं. हंडियाला केंद्रीय जल आयोगाचं मोजमाप केंद्र आहे. पाणी चढलं की आकडा निघतो. तो आकडा खालच्या काठावरच्या शेवटच्या होडीपर्यंत, शेवटच्या यात्रेकरूपर्यंत जायला हवा. धाराजीला तो त्या रात्री गेला नव्हता. पाण्याखालची यंत्रं एकमेकांना सांगायला शिकली, पावती घ्यायला शिकली, थकलेल्याचा भार वाटून घ्यायला शिकली. आपल्याला तर तोंड आहे.

आज संध्याकाळी घरी जाल तेव्हा घरच्यांना फोनमध्ये 1554 सेव्ह करायला सांगा. आणि हा लेख आपल्या बंदरावरच्या ज्या नाखव्याचा सेट बंद पडलाय, त्याला आधी पाठवा.